दर पावसाळ्यात अडकणारी जुनी सागवानी खिडकी: रंधा मारायच्या आधी काय तपासायचं

तक्रार नेहमीचीच. मृग सरतो, झडीचा पाऊस लागतो आणि पश्चिमेकडची खिडकी मिटेनाशी होते. सुतार येतो, झडपेच्या कडेवर रंधा मारतो, खिडकी लागते. दिवाळीनंतर त्याच कडेला आरपार उजेड दिसेल एवढी फट पडते आणि पुढच्या जुलैत झडप पुन्हा अडकते. असं चार-पाच वर्षं चाललं की कडेची पट्टी इतकी झिजते की बिजागरीच्या स्क्रूला धरायला लाकूड उरत नाही. मग ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची गोष्ट निघते. वाड्यातल्या, चाळीतल्या, कोकणातल्या जुन्या घरातल्या सागाच्या खिडकीवर ही वेळ यायचं काहीच कारण नाही. खिडकी अडकायची कारणं चार-पाच असतात आणि त्यांतल्या एकाच कारणावर रंधा हा इलाज आहे, तोही शेवटचा.

आधी कुठे अडकते ते बघा

झडपेच्या कडांना खडू चोळा, झडप हलकेच मिटा आणि उघडा. चौकटीवर जिथे खडू उमटला ती घासायची जागा. त्यानंतर एक जुनं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. मिटलेल्या झडपेच्या चारही बाजूंनी ते फटीतून फिरवा आणि कुठे सहज सरकतं, कुठे थांबतं याच्या पेन्सिलने खुणा करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं यावर ठरतं.

उभ्या कडेवर वरपासून खालपर्यंत सारखं घासत असेल तर लाकूड फुगलंय किंवा रंगाचे थर साचलेत.

मोकळ्या बाजूचा, म्हणजे बिजागरीच्या विरुद्ध बाजूचा, खालचा कोपरा चौकटीवर टेकतोय आणि त्याच बाजूला वर झडप शेजारच्या झडपेला लागतेय, तर झडप लोंबलीय. इथे फुगण्याचा संबंध नाही. झडप अर्धी उघडून मोकळी बाजू हाताने हळूच उचला आणि नीट बघा. बिजागरीचं पान लाकडापासून हलत असेल तर स्क्रू सैल आहेत. पान घट्ट आहे पण बिजागरीची खीळच खुळखुळते, तर बिजागरी झिजलीय. बिजागरी जागची हलत नाही, पण उभ्या आणि आडव्या पट्टीमधली रेघ उघडमीट करतेय, तर सांधा सुटलाय.

वरची कड सबंध लांबीभर चेपली जात असेल तर झडपेकडे बघूच नका, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल किंवा चौकटीचा वरचा आडवा मधे खाली आला असेल, तर वरच्या भिंतीचं वजन चौकटीवर येतंय. जुन्या वाड्यांत दारा-खिडक्यांवरच्या लाकडी तुळईत वाळवी किंवा कुज शिरली की हे घडतं. अशा वेळी झडप तासून खिडकी लागेलही, पण भिंत खाली येणं थांबणार नाही. आधी इंजिनिअरला दाखवून तुळई धरून घ्यावी, खिडकीचं नंतर.

लाकूड नेमकं किती फुगतं

साग रुंदीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. लाकडातली ओल एक टक्क्याने वाढली की सपाट चिरलेली पट्टी रुंदीत साधारण ०.२ टक्के वाढते. गाभ्याच्या दिशेने उभी चिरलेली पट्टी त्याच्या निम्मीच वाढते. कोणती पट्टी कशी चिरलीय हे टोकाकडून कळतं. वर्षवलयांच्या रेघा रुंद बाजूला समांतर दिसल्या तर ती जास्त फुगणारी.

दोन झडपांची खिडकी धरा. प्रत्येक झडपेला ७५ मिलिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे खिडकीच्या रुंदीत फुगणारं लाकूड ३०० मिलिमीटर. आडव्या पट्ट्यांची लांबी रुंदीच्या दिशेने आहे, ती वाढत नाही. मधली फळी आपल्या खाचेत मोकळी असते, तीही मोजायची नाही. पुण्याकडे मार्च-एप्रिलमधलं कोरडं लाकूड आणि ऑगस्टमधलं लाकूड यांच्यात सहा टक्के ओलीचा फरक सहज पडतो. ३०० मिलिमीटरचे १.२ टक्के म्हणजे ३.६ मिलिमीटर. उभ्या चिरेचं लाकूड असेल तर १.८. खिडकीला एवढी जागा कोरड्या दिवसांत मोकळी हवीच.

उंचीत मात्र फुगणं जवळजवळ शून्य, कारण उंची म्हणजे उभ्या पट्टीची लांबी. म्हणून खाली किंवा वर घासणाऱ्या झडपेला ‘लाकूड फुगलंय’ म्हणून रंधा मारायला कोणी निघालं तर थांबवा.

जुन्या फळ्यांच्या कवाडांचा हिशोब वेगळा. तिथे उभ्या फळ्या एकमेकींना लागून असतात आणि मागून आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात, त्यामुळे कवाडाची अख्खी रुंदी फुगते. ४५० मिलिमीटरचं एक कवाड त्याच हिशोबाने पाच मिलिमीटरच्या वर वाढू शकतं. अशा दाराच्या फळ्यांमधल्या उन्हाळ्यातल्या फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, किंवा एमसीलने बुजवू नयेत. फळ्यांना फुगायची जागा तीच आहे. ती बुजवली की पावसाळ्यात कवाड बाक धरतं किंवा मागच्या पट्टीचे खिळे उपसून येतात.

भर पावसाळ्यात काय करायचं

जुलै-ऑगस्टमध्ये तासू नका. घासायच्या जागी मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळा, बऱ्याचदा तेवढ्याने महिना-दोन महिने निभावतं. अडकलेली झडप मुठीने ठोकून बसवू नका, कोपऱ्यातला सांधा आणि काच दोन्ही त्यानेच जातात. या दिवसांत खरं काम एकच आहे, मापं घेण्याचं. कुठे घासतंय आणि किती जास्त आहे ते झडपेच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा, जमल्यास फोटो काढा. खुणा ऑगस्टमध्ये करायच्या आणि रंधा जानेवारी-फेब्रुवारीत मारायचा, तोही त्या खुणांपुरता. उन्हाळ्यात फट मोठी दिसते म्हणून काम टाळलं जातं, आणि पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असताना गरजेपेक्षा जास्त तासलं जातं. दर वर्षीचं चक्र यातूनच चालू राहतं.

रंगाचे थर

पन्नास वर्षांत दहा-बारा हात ऑइल पेंट बसलेला असतो. वाळलेला एक हात साधारण ०.०३ मिलिमीटरचा धरला तरी दहा हातांचे ०.३. दोन झडपांच्या खिडकीत रुंदीच्या दिशेने सहा कडा समोरासमोर येतात: दोन्ही बाजूंना चौकट आणि झडप मिळून चार, मधे झडपांच्या दोन. म्हणजे जवळपास दोन मिलिमीटर जागा नुसत्या रंगाने खाल्लेली. कडांवरचा रंग लाकडापर्यंत उतरवला की पुष्कळ खिडक्यांना रंधा लागतच नाही. पहिलं काम म्हणून हेच करून बघावं.

पण सांभाळून. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण भारतात ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि तांबड्या रंगात, शिसं असेलच असं धरून चालावं. कोरड्या काचकागदाने घासू नका, मशीनने तर अजिबात नाही. पाणी फवारून खरवडा किंवा रंग काढायचं द्रावण वापरा. हीट गनने जास्त तापलं तर शिशाची वाफ होते आणि शेजारची काच तडकते ते वेगळंच. खाली प्लास्टिक अंथरा, एन-९५ मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना त्या खोलीत येऊ देऊ नका आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने साग काळवंडतो.

लोंबलेली झडप: बिजागरीचे स्क्रू

सैल झालेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून तोच स्क्रू पिळणं हा एका मोसमाचा उपाय आहे. जाड स्क्रू मारला तर बिजागरीच्या भोकात त्याचं डोकं बसत नाही आणि पट्टी चिरायची भीती.

झडपेखाली दोन पाचरी देऊन तिचं वजन तोला, मग स्क्रू काढा. एकाने झडप धरायलाच हवी. झडप हलकी असेल तर खराब भोक १० मिलिमीटरच्या ड्रिलने ४० मिलिमीटर खोल साफ करा आणि त्यात सागाची गोल खुंटी पाण्याला टिकणाऱ्या सरसाने बसवा. मात्र अशा खुंटीत स्क्रू धाग्याच्या दिशेने शिरतो आणि तिथे पकड कमी मिळते. जड झडपेसाठी म्हणून खुंटीऐवजी चौकोनी ठिगळ लावावं. बिजागरीच्या पानाएवढा भाग पटाशीने २० ते २५ मिलिमीटर खोल काढायचा आणि त्यात सागाचा तुकडा असा बसवायचा की त्याचे धागे पट्टीच्या धाग्यांना समांतर राहतील. साग तेलकट असतो, त्यामुळे सरस लावायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून घ्या आणि थिनर उडाला की लगेच चिकटवा. चोवीस तास हात लावू नका.

८ नंबरचा ४० मिलिमीटर लांब स्क्रू असेल तर आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. पितळी स्क्रू थेट सागात पिळला तर डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून बाहेर काढा, मग पितळीला साबण लावून बसवा. समुद्रापासून जवळच्या घरात लोखंडी स्क्रू कायमचा ठेवू नये. तो गंजून फुगतो आणि भोवतालचं लाकूड काळं पडून मऊ होतं. तिथे पितळ किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या.

स्क्रू घट्ट झाल्यावरही कोपरा किंचित टेकत असेल तर खालच्या बिजागरीच्या पानामागे जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा कापून घाला. खालचा भाग बाहेर ढकलला गेला की मोकळा कोपरा वर उचलला जातो. ४५० रुंद झडप आणि बिजागऱ्यांमध्ये ९०० चं अंतर असेल तर एका कार्डाने कोपरा साधारण ०.४ मिलिमीटर चढतो. पुठ्ठा घालू नका, तो ओल पितो आणि दबतो.

सुटलेला सांधा

जुन्या झडपांत आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे तिच्या टोकाला काढलेली जीभ, उभ्या पट्टीच्या खाचेत जातं आणि त्यातून लाकडी खुंटी ठोकलेली असते. हा सांधा उघडला की सगळ्यात वाईट इलाज म्हणजे कोपऱ्यावर एल आकाराची लोखंडी पट्टी मारणं. वरून घट्ट वाटतं, पण पाणी पट्टीमागे थांबतं आणि दोन-तीन वर्षांत कोपराच कुजतो.

योग्य काम असं. काच काढून ठेवा. खुंटीचं एक टोक बहुधा बारीक असतं, त्या बाजूने ठोकून ती बाहेर काढा. लाकडाचा ठोकळा मधे धरून सांधा हळूहळू उघडा. कुसवावरचा जुना सरस आणि मळ खरवडा. कुसू खाचेत डुलत असेल तर त्याच्या गालावर सागाची पातळ चकती चिकटवून ते पुन्हा घट्ट करा. सरस न लावता एकदा जोडून कर्ण मोजा आणि मगच सरस लावून आवळा. शिकंजा नसेल तर झडपेभोवती सुंभाची दोरी गुंडाळून पाचरी ठोकल्या तरी चालतं.

नव्या खुंटीसाठी एक बारकावा फार कामाचा आहे. उभ्या पट्टीतलं भोक जिथे असेल, त्यापेक्षा कुसवातलं भोक एक ते दीड मिलिमीटर कुसवाच्या बुडाकडे, म्हणजे सांध्याच्या रेघेकडे, पाडायचं. टोक निमुळतं केलेली खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते. पुढे सरसाची पकड गेली तरी सांधा उघडत नाही.

कुज

स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या आडव्या पट्टीत आणि चौकटीच्या पायात दाबून बघा. तीन-चार मिलिमीटर सहज शिरलं तर आत कुज आहे. सागाचा गाभा टिकतो, पण फिकट पिवळसर पांढरं लाकूड लवकर कुजतं आणि वाळवीही तिथूनच शिरते. कुजलेला भाग एमसील भरून रंगवला की दिसायला सारखा होतो, पण एमसील लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात भोवती केसाएवढी चीर पडते आणि पाणी त्यातून आत जाऊन तिथेच कोंडतं. खिळ्यांची भोकं बुजवायला ते ठीक आहे, पट्टीच्या कोपऱ्यासाठी नाही.

कुज संपते तिथून पुढे आणखी ५० मिलिमीटर चांगलं लाकूड कापा आणि तिरकस सांध्याने नवा तुकडा जोडा. उतार बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे सांध्यात गेलेलं पाणी आत न जाता बाहेर येईल. तुकडा जुन्या सागाचाच घ्यावा. पाडलेल्या घरांचं लाकूड वखारींमध्ये मिळतं आणि तुलनेने लवकर तोडलेल्या नव्या सागापेक्षा त्यात पांढरं लाकूड कमी असतं. कोकणात चौकट ऐन किंवा फणसाची असेल तर तुकडाही त्याच लाकडाचा, नाहीतर दोन्ही वेगवेगळे फुगतात आणि जोड उघडतो.

चौकटीचा पाय कुजण्याचं कारण बहुतेक वेळा नंतर केलेला सिमेंटचा गिलावा असतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत होती, सिमेंटने ती लाकडाकडे वळवली. जांभ्याच्या भिंतीत हे फार दिसतं. चौकटीलगत दहा मिलिमीटरची गिलाव्याची पट्टी काढून तिथे चुन्याचा मसाला भरा. चौकट बाहेर काढलीच असेल तर भिंतीकडच्या बाजूला डांबराचे दोन हात द्या.

न रंगवलेली खालची कड

माझ्या मते दर वर्षीच्या त्रासाचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि याकडेच कोणी बघत नाही. रंगारी झडप जागेवर ठेवून रंगवतो. समोरची बाजू चकचकीत होते. वरची आणि खालची कड मात्र खिडकी बसवली त्या दिवसापासून कोरीच असते. उभ्या पट्टीचं टोक तिथेच उघडं पडतं आणि लाकडाच्या टोकाकडून पाणी बाजूपेक्षा कित्येक पट वेगाने शिरतं. आरसा किंवा फोन खालून धरून बघा, बहुतेक ठिकाणी तिथे राखाडी, भेगाळलेलं लाकूड दिसेल.

झडप बिजागरीवरून उतरवूनच हे काम होतं. जानेवारी-फेब्रुवारीत, लाकूड कोरडं असताना उतरवा. ऑगस्टच्या खुणांपुरता रंधा मारायचा असेल तो आताच. मग टोकांना दहा-पंधरा टक्के टर्पेंटाइन मिसळलेला प्रायमर पाजा. पिऊन संपला की लगेच पुन्हा लावा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. वाळल्यावर न मिसळलेला प्रायमरचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन. बिजागरीची खाच आणि कडीची भोकं हीदेखील कोरी सोडू नका. तासलेली कड त्याच दिवशी प्रायमरखाली गेली पाहिजे. पॉलिशचीच हौस असेल तर ध्यानात ठेवा, नुसतं जवसाचं तेल दिसायला सुंदर असलं तरी हवेतली ओल फारशी अडवत नाही. त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून मगच फेका.

परत बसवताना कोरड्या दिवसांत फटी अशा ठेवा: बिजागरीच्या बाजूंना प्रत्येकी एक कार्ड, दोन झडपांच्या मधे तीन, वर एक, खाली दोन. किनाऱ्यावर वर्षभर हवा दमट, तिथे मधे दोन पुरतात. मधली फट झाकायला एका झडपेला बाहेरून पट्टी असतेच. ती गळून गेली असेल तर नवी लावा, फट कमी करू नका.

झडीचं पाणी खालून आत वळू नये म्हणून खालच्या आडव्या पट्टीच्या बुडाला, बाहेरच्या कडेपासून दहा-बारा मिलिमीटर आत, सहा रुंद आणि चार खोल अशी आडवी खाच मारा. थेंब तिथेच तुटून पडतो. चौकटीच्या खालच्या आडव्याला बाहेर उतार नसेल तर तोही दहाला एक या प्रमाणात काढून घ्या.

काच आणि तावदानं

लांबी घरी करायची तर एक किलो खडूच्या पुडीला साधारण १७५ ग्रॅम कच्चं जवसाचं तेल, हाताला चिकटणार नाही इतकी मळा. काचेच्या खाचेला आधी प्रायमर लावायचाच. कोरं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि महिन्याभरात ती तडकून पडते. वर साय धरायला दोन-तीन आठवडे द्या, मग रंग. रंगाची रेघ काचेवर दोन मिलिमीटर चढली पाहिजे, पाणी तिथेच अडतं. पावसाळ्यात हे काम घेऊ नका, लांबी वाळत नाही.

गोव्यातल्या शिंपल्यांच्या तावदानांना लांबी लावायची नसते. ते शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून बसवलेले असतात. एका बाजूची पट्टी सोडवून सरकवूनच काढा, आणि खाचेत रंग भरू देऊ नका. शिंपला आत अडकून राहिला की लाकूड हलताना तोच फुटतो.